सहानुभूतीचे दोन मार्क

गणेशोत्सवातल्या नाटकांत मी आजवर तीन हवालदार, दोन पोस्टमन आणि एक प्रेत इतक्या भूमिका केल्या आहेत. पैकी प्रेत गाजलं होतं. तेव्हा भाचीनं, "मामा, आमच्या कॉलेजात पेशंटचं काम करशील?" असं विचारलं, तेव्हा अखेर कलेची कुठेतरी नोंद होते म्हणून बरं वाटलं. आमची ही म्हणाली, "त्यात काम कसलं? साधी सर्दी झाली तरी घरात पाचवा अंक चालू असतो."

भाची मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिथे हाडं, औषधं आणि रोग शिकवतात अशी माझी समजूत. पण २०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीती आणि संवाद हेही रीतसर शिकवू लागले आहेत. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून त्याला 'एटकॉम' म्हणतात. मला ते टूथपेस्टचं नाव वाटलं होतं. पहिल्याच वर्षी 'डॉक्टर असणं म्हणजे काय' आणि पाठोपाठ 'पेशंट असणं म्हणजे काय' असे धडे असतात. टेबलावरच्या मृतदेहाला पहिला गुरू मानायला शिकवतात. हे ऐकून माझ्या त्या गाजलेल्या भूमिकेविषयी मलाच आदर वाटू लागला.

खोट्या पेशंटची विद्याही जुनी. १९६३ साली लॉस एंजलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी एका मॉडेलला रोग्याची बतावणी शिकवून तिच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. म्हणजे मी बॅरोज घराण्याचा!

माझी भूमिका अशी : वय अठ्ठावन्न (इथे मला बरीच सूट मिळाली), पोटाचा कॅन्सर, आणि ही बातमी आज कळायची आहे. कोपऱ्यात मॅडम कागद घेऊन बसलेल्या. नमस्कार केला का, खुर्ची जवळ ओढली का, मोबाइल बंद केला का, सगळ्याला मार्क. सहानुभूतीला दोन.

पहिला मुलगा आला, बसला आणि घाईघाईनं म्हणाला, "काका, तुम्हाला किती वाईट वाटत असेल ते मी समजू शकतो."

"कशाबद्दल?" मी विचारलं. बातमी सांगायची राहूनच गेली होती.

दुसऱ्यानं धीर द्यायला पाण्याचा ग्लास पुढे केला, तो निम्मा माझ्या पॅन्टवर. मी मनात म्हटलं, झालं! माणुसकी अशी मार्कांवर मिळते काय? आमच्या वेळच्या डॉक्टरांना कुणी शिकवलं होतं?

पण हा 'आमच्या वेळचा' मुद्दा तितकासा टिकत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, गुरू अग्नीच्या साक्षीनं शिष्याला हेच बजावतो : रोग्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नकोस, आणि त्याचं आयुष्य सरत आलंय हे कळलं, तरी ते सांगण्यानं त्याचा किंवा दुसऱ्याचा घात होणार असेल तिथे सांगू नकोस. म्हणजे चांगुलपणा आपोआप येतो यावर चरकाच्या काळीही कुणाचा भरवसा नव्हता.

तिसरी एक किरकोळ मुलगी आली. खुर्ची ओढून म्हणाली, "काका, रिपोर्ट आलाय. तुम्हाला सगळं तपशिलात ऐकायचंय, की थोडक्यात सांगू? की घरचं कुणी बरोबर असताना बोलू या?" आणि गप्प बसली.

पुढचं वाक्य माझं होतं. ते मला आठवेना.

१९८४ साली माझ्या वडिलांचा असाच रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. मी म्हटलं, "बाबांना सांगू नका." घरात सगळे 'अल्सर' म्हणायचे. बाबाही म्हणायचे. चार महिन्यांनी ते गेले, तेव्हा त्यांच्या कपाटात पासबुक, विम्याचे कागद, रेशनकार्ड आणि दूधवाल्याचा हिशेब अशी सगळी व्यवस्थित चळत निघाली. अल्सर झालेला माणूस इतकी आवराआवर करत नाही. चार महिने आम्ही दोघे एकमेकांना सांभाळत खोटं बोलत होतो. चरकानं घाताची अट घातली होती. पण घात नक्की कुणाचा होणार होता? ऐकवणार नव्हतं ते मला. बाबांना किती ऐकायचंय हे कुणी विचारलंच नाही.

त्या मुलीनं तो प्रश्न पाठ केलेला होता, हे मला ठाऊक आहे. कागद आधीच्या दोघांकडेही तोच होता. पण परवचासुद्धा आपण न समजताच म्हटला, आणि पुढे वाण्याच्या दुकानात तो उपयोगी पडला. दया शिकवता येते की नाही, मला सांगता यायचं नाही. पण विचारायचं काय आणि मग गप्प कधी बसायचं, एवढं नक्की शिकवता येतं. तेवढं जरी १९८४ साली त्या व्हरांड्यात कुणाला येत असतं, अगदी मला येत असतं, तरी पुष्कळ झालं असतं.

मॅडम निघताना म्हणाल्या, "काका, शेवटी डोळ्यांत पाणी अगदी खरं आणलंत हं!" मी कलावंताच्या विनयानं मान झुकवली.

रात्री हिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "आणि उद्या खरंच तसा रिपोर्ट आला, तर तुम्हाला किती ऐकायचंय?"

मी विचार करून सांगतो म्हणालो आहे. ती गप्प बसून वाट बघते आहे. दोन मार्क तिला द्यायला हरकत नाही.