मोजणी खरी, माप मोठं

मामेभावाला माझी गाडी घ्यायची होती. त्याची अट एकच होती: सत्तर हजार किलोमीटरच्या आत चाललेली हवी. मीटरवर ६८,००० होते. "घेण्याआधी महादेवाला नेऊन आणू," तो म्हणाला, म्हणून आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला निघालो. महाशिवरात्रीची यात्रा सरली होती, रस्ता रिकामा होता. गाडी तो चालवत होता. फोनवरच्या मॅपमधला वेग त्यानं मीटरशी ताडून पाहिला. मीटर ६०, फोनही ६०.

"मीटर एकदम बरोबर हाये जी, दादा!" तो खूश झाला. मी गप्प राहिलो.

ते बरोबर का आहे, हे मला ठाऊक होतं. कंपनीनं गाडीला १८५/६५ आर १५ मापाचे टायर दिले होते. १८५ मिलिमीटर रुंदी, त्या रुंदीच्या ६५ टक्के बाजूची उंची, आणि १५ इंचांचं रिम. हिशेब केला तर चाकाचा व्यास ६२१.५ मिलिमीटर. गाडी २०,००० किलोमीटर चालल्यावर, रुबाबदार दिसावी म्हणून मी २०५/६५ आर १५ टाकले. व्यास झाला ६४७.५. चाक चार टक्क्यांहून थोडं जास्त मोठं झालं.

मीटरला किलोमीटर कळत नाहीत, चाकाचे फेरे कळतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे त्याला कारखान्यातच सांगून ठेवलेलं असतं. आमच्या भागात पूर्वी धान पायलीनं मोजत. मोजणारा 'एक, दोन, तीन' कितीही इमानदारीनं म्हणो, पायलीच मोठी असेल तर मोजणी खरी आणि हिशेब खोटा. माझ्या गाडीचं तेच झालं होतं.

मग फोन आणि मीटर जुळले कसे? कारण वेगाचा काटा मुळातच थोडा जास्त दाखवतो, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमानुसार खरा वेग ६० असताना काट्यानं ७० पर्यंत दाखवलं तरी चालतं, पण ५९ दाखवलेलं चालत नाही. टायर झिजतात, हवा कमीजास्त होते, म्हणून ही सूट. जुन्या टायरवर मीटर ६० दाखवायचं तेव्हा फोन ५७-५८ दाखवायचा. मोठ्या चाकांनी तो फरक खाऊन टाकला. वेगाचा काटा खरा झाला आणि त्याच चाकांनी किलोमीटरचा आकडा खोटा केला. नव्या टायरवरचे ४८,००० म्हणजे प्रत्यक्षात ५०,०००. गाडी सत्तर हजार चालली होती.

मी खोटं बोललो होतो का? मीटरला मी हात लावला नव्हता. टायरचं माप टायरवरच छापलेलं होतं. त्यानं स्वतः तपासून पाहिलं होतं. आणि दोन हजार किलोमीटरनं इंजिनाला असा काय फरक पडतो? यातलं एकेक वाक्य खरं होतं. ती सगळी मी एकामागून एक मनात म्हणत होतो, यावरूनच मला कळायला हवं होतं.

कंपनीचा काटाही खोटं सांगतो आणि माझं मीटरही. दोन्हींतली चूक जवळपास तेवढीच. पण कंपनीची चूक ज्याला फसवते त्यालाच सांभाळते. हळू जातोय असं वाटून तो कधी जोरात जाणार नाही, याची काळजी तिच्यात असते. माझी चूक माझ्या खिशाकडे झुकलेली होती. चूक किती मोठी, हे आपण लगेच विचारतो. ती कोणाच्या बाजूला झुकते, हे विचारायचं राहून जातं. शिवाय भावानं तपासला होता वेग, आणि विश्वास ठेवला होता अंतरावर. या दोहोंमधली फट त्या गाडीत फक्त मला दिसत होती. जोवर मलाही ती दिसत नव्हती, तोवर ती टायरची चूक होती. दिसल्यावर ती माझी झाली.

परतताना चहाच्या टपरीवर मी सांगितलं. फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडे करून दाखवले. तो बराच वेळ टायरकडे बघत बसला.

"मंग आधी काऊन नाही सांगितलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी त्यानं घेतली, दहा हजार कमी देऊन. सर्व्हिस बुकात टायर बदलल्याची नोंद मात्र त्यानं माझ्याच हातानं लिहून घेतली, मापासकट.