इशारा कोणाच्या मालकीचा?



 

आपल्या घरांतली मुले-मुली आता डॉक्टर, इंजिनिअर याच्या पलीकडे पाहू लागली आहेत. कोणी मायक्रोबायोलॉजी घेतो, कोणी बायोटेक्नॉलॉजी, कोणी विषाणूशास्त्रात पीएच.डी. करायचे म्हणते. अशा वेळी पालक म्हणून आपण विचारतो की यात पगार किती, परदेशात संधी किती, नोकरी पक्की राहील का. हे प्रश्न चुकीचे नाहीत. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागले, त्यांनी नातवंडांच्या भाकरीची काळजी करणे स्वाभाविकच आहे. पण सम्यक आजीविका हा शब्द आपण नुसता वंदनेपुरता ठेवणार नसू, तर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला जे कळते, ते कोणाच्या मालकीचे असते? त्याचे, त्याला पगार देणाऱ्याचे, त्या देशाचे, की ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांचे?

हा प्रश्न मी रियाधच्या अल मलाझ भागातून लिहीत असताना हवेतला राहत नाही. याच देशात एका शास्त्रज्ञापुढे तो उभा राहिला होता, आणि त्याने दिलेल्या उत्तराचा फायदा तुम्हाला आणि मला दोघांनाही झाला आहे.

डॉ. अली मोहम्मद झाकी हे मूळचे इजिप्तचे. जेद्दाहच्या डॉ. सुलेमान फकीह हॉस्पिटलमध्ये ते विषाणूंच्या तपासणीचे काम करत. म्हणजे आपल्यासारखेच, दुसऱ्याच्या देशात करारावर काम करणारे. १९९० च्या दशकाच्या मध्यात जेद्दाहमधल्या काही खाटकांना रक्तस्राव होणारा ताप आला. झाकींनी त्यांच्या रक्तातून एक विषाणू वेगळा केला. आज त्याला अलखुर्मा विषाणू म्हणतात. पुढे २००१ मध्ये त्याची जनुकीय रचना वाचली गेली, तेव्हा त्याचे जवळचे नाते निघाले ते थेट आपल्याकडच्या क्यासनूर जंगलातल्या विषाणूशी.

हे नाव कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना 'माकडताप' म्हणून माहीत असेल. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे आजारी पडू लागली. तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचे कारण शोधले. गोचिडीतून पसरणारा हा ताप पुढे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत आला आणि काजूच्या बागांत मजुरी करणाऱ्यांना त्याने गाठले. जेद्दाहचा खाटीक आणि दोडामार्गचा काजू वेचणारा मजूर एकमेकांना कधीच भेटणार नाहीत. पण एका ठिकाणचे निदान दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते, कारण कोणीतरी ते लिहून ठेवले आणि जगापुढे मांडले. विज्ञानाचे काम चालते ते असे.

आता २०१२ कडे येऊ. १३ जून रोजी साठ वर्षांचा एक रुग्ण झाकींच्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. न्यूमोनिया होता, पुढे मूत्रपिंडेही निकामी झाली. अकराव्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. इन्फ्लुएन्झा आणि नेहमीच्या इतर विषाणूंच्या चाचण्यांतून काहीच निघाले नव्हते. पण रुग्णाच्या थुंकीतला नमुना पेशींवर वाढवला, तर पेशी बिघडत होत्या. म्हणजे काहीतरी नक्की होते. मग झाकींनी पीसीआरची अशी चाचणी केली, जी एखादा ठरावीक विषाणू शोधत नाही, तर सबंध करोना कुळात समान असलेला जनुकीय भाग शोधते. ती चाचणी सकारात्मक आली.

करोना हा शब्द आज लहान मुलालाही माहीत आहे. तेव्हा तो फक्त जाणकारांना घाबरवणारा होता, कारण २००३ च्या सार्सची आठवण ताजी होती. झाकींनी नमुना नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात रॉन फूशे यांच्याकडे पाठवला. हा पूर्वी कधीही न पाहिलेला करोना विषाणू आहे, हे तिथे पक्के झाले. सप्टेंबरमध्ये झाकींनी प्रोमेड या साथरोगांच्या बातम्या देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेला ही माहिती कळवली. २० सप्टेंबर २०१२ ला ती जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच लंडनमध्ये अत्यवस्थ असलेल्या कतारच्या एका रुग्णाचे कोडे सुटले. त्याच्या शरीरातला विषाणू जेद्दाहच्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. दोन देशांतले दोन रुग्ण एकाच आजाराचे आहेत, हे जगाला कळले. त्या वर्षीची हज यात्रा ऑक्टोबरच्या शेवटी होती. तीस लाखांच्या आसपास माणसे मक्केत जमायला जेमतेम महिना उरला होता. त्या महिन्याची किंमत तुम्हीच करा.

झाकींना मात्र वेगळी किंमत मोजावी लागली. ही बातमी दिल्यावर आरोग्य मंत्रालयाच्या दबावामुळे आपला करार संपवण्यात आला, असे त्यांनी पुढे पत्रकारांना सांगितले. ते इजिप्तला परतले. करारावर राहणाऱ्याची नोकरी गेली की इकामा जातो, घर जाते, मुलांची शाळा जाते. आखातात राहणाऱ्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

इथे थांबून झाकींना शूर ठरवायचे आणि बाकीच्यांना खलनायक, हे सोपे आहे. पण सोपे उत्तर तपासून घ्यावे, ही आपली शिकवण आहे. म्हणून दुसरी बाजूही नीट ऐकू या.

सौदी अधिकाऱ्यांचे म्हणणे असे होते की, आमच्या देशातल्या रुग्णाच्या शरीरातला नमुना परवानगीशिवाय बाहेर गेला आणि परदेशी प्रयोगशाळेने त्यावर अटी घातल्या, पेटंटची तयारी केली. आम्ही अडवणूक केली नाही, आरोग्य संस्थांना विषाणू मोफत दिला, असे इरॅस्मसने सांगितले. विषाणूला सुरुवातीला जे नाव मिळाले, त्यात रॉटरडॅमच्या त्या केंद्राची आद्याक्षरे होती. मे २०१३ मध्ये ते बदलून 'मर्स' करण्यात आले. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख मार्गारेट चॅन यांनीही बौद्धिक मालमत्तेचे हक्क लोकांच्या आरोग्याच्या आड येता कामा नयेत, असे बजावले.

ही तक्रार पोकळ नव्हती. तिच्यामागे जुना अनुभव आहे. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने बाहेर पाठवणे थांबवले होते. आमच्या आजारी माणसांच्या शरीरातून विषाणू घेऊन परदेशी कंपन्या लस बनवणार आणि ती विकत घेणे आम्हालाच परवडणार नाही, हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. त्या वादातून २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथीच्या इन्फ्लुएन्झासाठी एक चौकट मान्य केली: देशांनी नमुने द्यावेत आणि त्यातून होणाऱ्या लाभात त्यांना वाटा मिळावा. ज्यांच्या श्रमावर आणि शरीरावर दुसऱ्यांचे वैभव उभे राहिले, त्यांची लेकरे आपण आहोत. हा सवाल आपल्याला परका वाटू नये.

मग बरोबर कोण? माझ्या मते गोंधळ होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यामुळे. एक आहे नमुना आणि दुसरा आहे इशारा.

नमुना ही वस्तू आहे. तिच्यातून चाचणी बनते, लस बनते, पैसा बनतो. तिच्यावर रुग्णाचा, त्याच्या समाजाचा आणि देशाचा हक्क आहे. त्या हक्काबद्दल करार व्हावेत, वाटाघाटी व्हाव्यात, गरज पडली तर भांडणही व्हावे. त्यात दोन महिने गेले तर ते सहन करता येते.

इशाऱ्याचे तसे नाही. 'असा एक आजार आहे, तो अशा प्रकारे दिसतो, सावध राहा', ही माहिती वाटल्याने कमी होत नाही. ती उशिरा दिली तर मात्र माणसे मरतात. म्हणून तिच्यावर मालकी सांगण्याचा अधिकार ना संस्थेला, ना सरकारला, ना शोध लावणाऱ्याला. ज्याच्या जिवाला धोका आहे, तोच तिचा पहिला हकदार.

चवदार तळ्याचा दाखला मला इथे आठवतो. ते तळे महाड नगरपालिकेने कागदावर सर्वांना खुले केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले. तळे कोणाच्या देखभालीखाली असावे, यावर चर्चा होऊ शकते. तहानलेल्याने पाणी प्यावे की नाही, यावर चर्चा होऊ शकत नाही. इशारा हे असे पाणी आहे.

अर्थात, प्रत्येक शंका ओरडून सांगणे म्हणजे इशारा नव्हे. कोविडच्या काळात मोबाइलवर फिरलेल्या अफवा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. झाकींनी काय केले ते नीट पाहा. त्यांनी स्वतः तपासले, पेशींवर पडताळले, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेतली, आणि मगच माहिती दिली, तीही ज्यांना तिचा उपयोग होईल अशा डॉक्टरांच्या सेवेवर. बाबासाहेब विद्येला शीलाची जोड मागत होते. शील याचा अर्थ इथे अगदी व्यवहारातला आहे. खात्री होईपर्यंत थांबण्याचा संयम हे शील, आणि खात्री झाल्यावर भीतीपोटी न थांबणे हेही शीलच. करुणा त्याच्या पुढे येते, कारण ज्यांच्यासाठी आपण बोलतो ती माणसे आपण कधी पाहिलेलीही नसतात.

नंतरचा इतिहास सौदी शास्त्रज्ञांच्या बाजूनेही सांगितला पाहिजे. हा विषाणू उंटांमध्ये असतो, हे सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. किंग सौद विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसोबत उंटांच्या रक्ताचे जुने साठवलेले नमुने तपासले. १९९२ पासूनच्या नमुन्यांतही या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. म्हणजे माणसाला पत्ता लागण्याच्या वीस वर्षे आधीपासून तो इथे होता. म्हणून तर उंटिणीचे दूध कच्चे पिऊ नका, असे आज सांगितले जाते. २०१४ मध्ये सौदी आरोग्य मंत्रालयाने स्वतः फेरतपासणी करून आधी नोंदीत न आलेले ११३ रुग्ण जाहीर केले. चूक उघड करणे कोणत्याही सरकारला सोपे नसते. इशारा दडवून आजार दडत नाही, हे तोपर्यंत सर्वांच्याच लक्षात आले होते.

आणि या आजाराने सर्वांत जास्त घेरले कोणाला? उंटांसोबत राबणाऱ्यांना, आधीच आजारी असलेल्यांना आणि हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना. जानेवारी २०२० मध्ये असीर भागातल्या एका हॉस्पिटलमधली केरळची नर्स आजारी पडली. वुहानचा नवा विषाणू इथे आला, अशी बातमी पसरली. भारतीय वाणिज्य दूतावासाने खुलासा केला की हा मर्स आहे, वुहानचा विषाणू नाही. हा फरक तेव्हा सांगता आला, कारण मर्सची ओळख आठ वर्षांपूर्वीच जगापुढे मांडली गेली होती. जेद्दाहच्या एका करारावरच्या शास्त्रज्ञाचे उत्तर असे एका मल्याळी नर्सच्या कामी आले. ती नर्स आपल्यापैकी कोणाचीही बहीण असू शकली असती.

आपल्यापैकी फार थोडे विषाणूशास्त्रज्ञ होतील. पण इशारा हातात असणारे आपण अनेकजण आहोत. लॅब टेक्निशियनला अहवालातला आकडा दिसतो. सेफ्टी सुपरवायझरला गंजलेली परांची दिसते. हिशेब पाहणाऱ्याला कामगारांचा अडकलेला पगार दिसतो. 'आपण बरे, आपले काम बरे' हे वाक्य तिथे मदतीला येते. ज्याच्या मागे गावचे कर्ज आणि पुढे मुलांची फी आहे, त्याने सर्वस्व पणाला लावावे, असा उपदेश मी इथून आरामात बसून करणार नाही. शौर्याची सक्ती हाही एक प्रकारचा अन्याय आहे. पण गप्प राहणे आणि सर्वस्व पणाला लावणे यांच्यामध्ये बरीच जागा आहे. नोंद नीट ठेवणे, खोट्या अहवालावर सही न करणे, वरिष्ठांना लेखी कळवणे, एकट्याने न बोलता चौघांनी मिळून बोलणे. आपल्यासारख्या मंडळांचा उपयोग जयंतीपुरता नसावा. खरे बोलून ज्याची नोकरी गेली, त्याचे घर चार महिने चालवता येईल एवढी ताकद मंडळात हवी. मग खरे बोलणे एकट्याच्या छातीवर अवलंबून राहणार नाही.

म्हणून मुलीने उद्या सांगितले की मला विषाणूंवर काम करायचे आहे, तर तिला जरूर पाठवा. पगार विचारा, पदवी विचारा. आणि हेही विचारा की, तुला काही कळले तर ते तू कोणाला सांगशील? उत्तर तिने लगेच द्यावे अशी अपेक्षा ठेवू नका. हा प्रश्न तिच्या सामानात असला म्हणजे पुरे.

सर्वांचे मंगल होवो.

जय भीम.