दोन इमारतींमधले नऊ मीटर

शेजारशेजारच्या दोन उंच निवासी इमारतींमध्ये किती जागा असावी, याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात एका भागाकाराने मिळते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागाला डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत बाजूचे आणि मागचे सामासिक अंतर ढोबळमानाने उंचीच्या एक पंचमांश धरले जाते. पंधरा मजली, म्हणजे सुमारे 45 मीटर उंच इमारत घेतली तर हे अंतर नऊ मीटर होते. एकाच भूखंडावर दोन इमारती असतील, तर त्यांतल्या उंच इमारतीला लागणारे अंतर दोघींमध्ये पुरते. भूखंड वेगळे असतील, तर दोन्हींची अंतरे जोडली जातात. म्हणजे एकाच संकुलातल्या इमारती एकमेकींच्या जितक्या जवळ येऊ शकतात, तितक्या दोन परक्या मालकांच्या येऊ शकत नाहीत. या लेखातली उदाहरणे रायगड जिल्ह्यातल्या ज्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतली आहेत, त्यांचे माथेरानच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रातले आणि सिडकोच्या नैना (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र) प्रकल्पातले भाग या नियमावलीतून वगळलेले आहेत. तिथे नियम वेगळे आहेत.

या अंतराचे रहिवाशांवर होणारे परिणाम सर्वांना ठाऊक आहेत: दिवसा लावावे लागणारे दिवे, समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या, कायमचे ओढलेले पडदे. पडदा कायमचा ओढला की खिडकी असून नसल्यासारखी होते. मग एसी येतो आणि त्याचे बाहेरचे यंत्र आपली गरम हवा त्याच फटीत सोडते. यापेक्षा कमी बोलला जाणारा मुद्दा सोडलेल्या आणि राखलेल्या जागेतल्या फरकाचा आहे. नियमापोटी सोडलेल्या जागेत अग्निशमनाच्या गाडीची वाट, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि जनरेटर येतात. राखलेली जागा कोणत्या खिडकीला काय मिळावे हे ठरवून ठेवलेली असते. नकाशावर दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात.

कर्जत साधारण 18.9 अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरला भर दुपारी सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर येतो आणि 45 मीटरच्या इमारतीची सावली 41 मीटर लांब पडते. दोन इमारती दक्षिणोत्तर मांडल्या, म्हणजे त्यांच्यामधली गल्ली पूर्व-पश्चिम गेली, तर नऊ मीटरच्या अंतरातून उत्तरेकडच्या इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांनाच त्या दुपारी ऊन मिळते. उरलेले बारा मजले सावलीत असतात. गल्लीच्या तळापर्यंत माध्यान्हीचे ऊन पोचते ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. त्यातले पहिले दोन महिने ऊन नकोसे असते आणि पुढचे तीन महिने ढगांत जातात. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेतो. भिंती पाणी पिऊन बसतात, पाऊस ओसरू लागतो आणि नेमके तेव्हाच ऊन त्या गल्लीतून सात महिन्यांसाठी निघून जाते. खालच्या मजल्यांवरच्या ओलीला आणि शेवाळाला फक्त गिलाव्याचा दर्जा जबाबदार धरणे म्हणूनच अपुरे आहे.

यावर सहज सुचणारी मागणी म्हणजे अंतर वाढवा. तिला इतिहासाचा आधारही आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हे रोगाचे माहेरघर, या समजुतीतून ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये घरांतल्या उजेड-वाऱ्यावर दिलेल्या व्याख्यानात त्याची बाजू मांडली होती. खिडकीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांवर काढलेल्या रेषेच्या वर आकाश मोकळे हवे, म्हणजे समोरच्या उंचीच्या निम्मे अंतर हवे. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो हे तोवर सिद्ध झाले होते. नियमाचे मूळ कारण ढिले पडले तरी नियम उपयोगाचा राहिला, असे इतिहासात क्वचित घडते. ब्रिटनमध्ये 1918 च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीने समोरासमोरच्या घरांत 70 फूट सुचवले. तेही हिवाळी उन्हासाठीच, आणि दुमजली घरांना. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतल्या कोष्टकात 45 मीटर उंचीला 13 मीटर आहेत. ऑर यांच्या हिशेबाने साडेबावीस होतात.

पण साडेबावीस मीटर ठेवूनही डिसेंबरच्या दुपारी ऊन निम्म्या उंचीपर्यंतच उतरते. तळमजल्यापर्यंत ते आणायचे तर पुरते 41 मीटर हवेत आणि एवढी जमीन कोणी सोडणार नाही. अंतर वाढवण्याची मागणी इथे सैल पडते. गल्लीची दिशा बदलली की हिशेब पालटतो. गल्ली दक्षिणोत्तर असेल तर त्याच नऊ मीटरमधून हिवाळ्यातही दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या पायथ्याला रोज अर्धा-पाऊण तास ऊन मिळते. शिवाय सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हापासून इमारती एकमेकींना झाकतात. एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठणाऱ्या गावात ही शेजारणीची सावली फुकट मिळालेली सोय आहे. तिथे अंतर वाढवले, तर पश्चिमेच्या खोल्या दुपारभर तापतील.

उंच इमारतींचे समर्थक मात्र वेगळे गणित मांडतात. वॉल्टर ग्रोपियस या जर्मन वास्तुविशारदाने 1930 च्या ब्रुसेल्स परिषदेत ते मांडले होते: उजेडाचा कोन कायम ठेवून मजले वाढवले, तर तितक्याच माणसांसाठी जमीन अधिक मोकळी राहते. गणित बरोबर आहे. पण त्याच्या आकृत्यांत इमारतींमधले अंतर उंचीहून जास्त होते. कर्जतच्या जाहिरातपत्रकांनी निष्कर्ष उचलला आणि कोन मागे ठेवला. शिवाय मोकळी राहणारी जमीन कोणाकडे राहते हे ग्रोपियसच्या आकृतीत दिसत नाही. कर्जत-खालापूरकडे भातखाचरांच्या लांबट तुकड्यांवर इमारती उभ्या राहतात. दोन मालकांनी सोडलेल्या पट्ट्यांमध्ये कुंपणाची भिंत येते आणि एकत्र धरली तर अंगण ठरू शकली असती अशी जागा दोन बोळांत वाटली जाते. इमारत उंच केल्याने जमीन वाचते हे खरे. ती उपयोगी पडते हे त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून दोष नऊ या आकड्यात कमी आणि तो चारही बाजूंना सारखाच लावण्यात अधिक आहे. एकूण मोकळी जागा तेवढीच ठेवून पूर्व-पश्चिमेचे अंतर अग्निशमनाच्या सहा मीटरपर्यंत आखडले आणि वाचलेले मीटर दक्षिणेला दिले, तर खालच्या मजल्यांचे काही दुखणे हलके होईल. जवळच्या बाजूला खिडक्या समोरासमोर न ठेवता सरकवून ठेवाव्या लागतील. तिथे स्वयंपाकघरे आणि न्हाणीघरे द्यावीत, बसायच्या खोल्या दक्षिणेच्या रुंद बाजूला. नियमात उत्तर दिशेचा बाण शिरल्याखेरीज यातले काही होणार नाही.

बाजाराला हा फरक केव्हाच कळला आहे. दरपत्रकात मजल्यागणिक चढणारा फ्लोअर राइज हा काही अंशी उजेडाचाच दर आहे. कर्जत आणि खोपोली नगरपरिषदांनी बांधकाम परवानगीच्या नकाशासोबत 22 डिसेंबरच्या दुपारची सावली आखून मागावी. त्याला नवा कायदा लागत नाही, भूमिती शाळेतलीच पुरते. तोवर घर घेणाऱ्याने संकुलाचा मांडणी-नकाशा मागून उत्तर कुठे आहे ते पाहावे, दक्षिणेकडच्या इमारतीची मंजूर उंची विचारावी आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मे महिन्यात न पाहता नोव्हेंबरमध्ये, दुपारी बारा वाजता पाहावा.