खरं बोलण्याला गुण नाहीत

आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत गुण चार गोष्टींना असतात : ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. खरं बोलण्याला नाहीत. ११ ते १४ मिनिटांच्या या बोलण्यात मध्येच एक विषय हातात येतो. समजा, तुम्हाला मदत केलेल्या एखाद्या माणसाबद्दल सांगा. एक मिनिट विचाराला, दोन मिनिटं बोलायला. पुण्यातल्या आमच्या क्लासचे सर म्हणतात, "आठवत नसेल तर माणूस रचा. तपासायला कुणी येत नाही."

मी ३९ वर्षांची, वेल्ह्याची, पेशाने नर्स. इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ बँड आणि लेखनात ६.५ लागतात. त्यामुळे रचलेला माणूस म्हणजे खोटं बोलणं का, हा प्रश्न माझ्यापुरता तरी रिकामपणाचा नाही.

मला वाटतं, ते खोटं नव्हे. फसवणूक व्हायला समोरच्याने आपल्या शब्दावर विसंबावं लागतं. परीक्षक माझ्या रचलेल्या काकांवर विसंबून काहीच करणार नसतो. नाटकातल्या राजाला आपण खोटारडा म्हणतो का? काका खुशाल रचावेत.

अडचण निबंधात आहे. तिथे किमान २५० शब्दांत स्वतःचं मत मांडायचं असतं. सरावाला विषय आला : मोठ्या प्रकल्पांचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का? हे विचारायचं कुणाला, तर पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी ही धरणं ज्या तालुक्यात आहेत तिथल्या बाईला! १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुण्यात हाहाकार झाला, ती तारीख आजही सांगितली जाते. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांना अशी तारीख नाही. पाणी लागतंच, पण कुणाची शेतं बुडवून ते कुणाच्या नळाला येतं हे विचारायला हवं, असं माझं मत आहे. मराठीत. इंग्रजीत मात्र माझ्या वहीत उतरलं की दोन्ही बाजूंना तथ्य आहे, तरी फायदेच अधिक. कारण त्याच वाक्याचे शब्द पाठ होते. रचलेल्या काकांपेक्षा मला हे जास्त खोटं वाटतं. लहान मुलाला शब्द आणि मत बरोबरीने येतात. माझ्या वयाला मत आधीच घरात बसलेलं असतं आणि शब्द वेशीवर अडलेले.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली ती मराठीत. भाषांतराचं ओझं सरकारकडे राहिलं. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. मला त्यांचा हेवा वाटतो, पण माझं काम साक्षीचं नाही. रात्री तीन वाजता कळवळणारा रुग्ण दुभाष्याची वाट बघत थांबणार नाही. म्हणून परीक्षेवर माझा राग नाही. आमच्याकडे माणूस ठणका म्हणतो, कळ म्हणतो, चमक म्हणतो, आग म्हणतो, आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी. माझ्याकडे या सगळ्याला एकच शब्द होता, पेन. इंग्रजीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत, गरीब मी होते, भाषा नव्हे. क्लासच्या यादीत मात्र ते नव्हते. तिथे 'नेव्हरदलेस' होतं.

धरणाचा निबंध मी परत लिहिला. वाक्यं आखूड, पण मत माझं. विस्थापितांसाठीचा शब्द डिक्शनरीत शोधला. सरांनी ६ दिले, म्हणजे अर्धा बँड कमी. समासात शेरा होता : उदाहरण फार स्थानिक आहे, वाक्यं जोडा.

वाक्यं जोडायला घेतली आहेत. उदाहरण तेच ठेवलं आहे.