गुन्हा मिटला, पण कलंक?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटाखालच्या एका गावातील शेतकरी स्वतःचे जीवन संपविण्याच्या प्रयत्नातून वाचून घरी परतला होता. मी त्याच्या भेटीस गेलो. पोलिसांनी जबाब नोंदवून घेतला होता. कारण जगण्याला कंटाळलेला माणूस मरणाच्या दारातून परत आला, तर भारतीय दंडविधानाच्या ३०९ व्या कलमान्वये तो गुन्हेगार ठरत असे. एक वर्षापर्यंतची साधी कैद, दंड किंवा दोन्ही. मी खाटेशेजारी बसलो आणि जीवन ही परमेश्वराची देणगी आहे, ती नाकारणे पाप आहे, असे त्याला समजावले. जे सांगितले ते खोटे नव्हते. परंतु त्याच्या कर्जाविषयी, झोपेविषयी, चुलीविषयी मी एका शब्दानेही विचारले नाही. पोलिसांनंतर त्याचा दुसरा जबाब जणू मीच घेतला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते जुने कलम तिच्यात उरले नाही. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. येथवरची वाट लांबची होती. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच निर्णय दिला. परंतु १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरविला. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्या पीठाने म्हटले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, असे ठरविले; आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य केले.

कोणी विचारील, कायद्याने शिक्षा काढली म्हणजे कृत्य योग्य ठरले काय? मुळीच नाही. शिक्षा न करणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ख्रिस्तसभेलाही हा भेद उमगण्यास काळ लागला. १९१७ च्या धर्मविधानानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९८३ च्या विधानात ती मनाई राहिली नाही. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ हे कृत्य गंभीर अपराध मानतो. तथापि तीव्र मनोव्यथा वा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये, असेही सांगतो.

संदेष्टा एलियाची आठवण होते. अरण्यात झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. परमेश्वराने त्याला दोष दिला नाही. त्याला झोपू दिले. देवदूताकरवी भाकर आणि पाणी पाठविले. एकदा नव्हे, दोनदा. पुढील कामगिरी त्यानंतर सांगितली.

२००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदत जाहीर केली, त्यांत आपला बुलढाणा होता. म्हणून हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे. संहितेतून कलम पुसता येते, पारावरची कुजबुज पुसता येत नाही. परत आलेल्या माणसाच्या मुलीला स्थळ सांगून येत नाही. त्याला उसनवार मिळत नाही. ही शिक्षा कोणत्या न्यायालयाने दिली? ती आपण देतो, आणि तिला एका वर्षाची मर्यादाही नसते.

शासनाची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक प्रत्येक घरी लिहून ठेवावा. परंतु दूरध्वनी उचलण्याचे बळ ज्याच्यात उरले नाही, त्याच्या दारी कोणी तरी जावेच लागेल.

त्या शेतकऱ्याकडे मी पुन्हा गेलो, तो दोन महिन्यांनी. या वेळी मी फार बोललो नाही. त्याने चहा ठेवला, आणि बराच वेळ तोच बोलत राहिला.