आधी वाचा, मग पाना उचला

वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावचा रस्ता जागा होताना जुने डॉज ट्रक आठवावेत. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापलेली प्रीमियर कंपनी ते कुर्ल्याला जोडत असे. असा ट्रक पुन्हा चालता करायचा, तर दुरुस्तीची पुस्तिका हवीच. आधी वाचा, मग पाना उचला. कुणी म्हणेल, मुरलेल्या मिस्त्रीला पुस्तक कशाला? त्याचा कान बिघाड ओळखतो, हे खरेच, आणि तो कान अमोल आहे. पण इंजिनच्या हेडचे नट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, ठरल्या जोराने आवळायचे असतात. क्रम चुकला की गॅस्केट जाते. तो जोर कानाला कळत नाही. इंजिन घडवणाऱ्यांनी तो लिहून ठेवला आहे. त्यांचे ऐकल्याने हाताचे कसब उणे होत नाही. माणसांशी वागतानाही आपण समजून घेण्याआधीच आवळतो ना? आधी वाचा, मंडळी. तेलाने डागाळलेली ती पाने जपून ठेवा.