मर्यादेची किंमत आणि धर्माचे स्थान

मर्यादित साहित्यातून अधिकाधिक नफा देणारी उत्पादनयोजना शोधण्याच्या गणिती रीतीला रेषीय नियोजन म्हणतात. लेनिनग्राडचे गणिती लिओनिद कान्तोरोविच यांनी प्लायवूड उद्योगातील एका प्रश्नावरून १९३९ मध्ये तिची मांडणी केली. ही रीत मर्यादेलाही किंमत लावते, आणि तत्त्वज्ञानाचा तिच्याशी संबंध येतो तो येथेच.

फराळाच्या एखाद्या उद्योगाकडे २० किलो तूप व ३० किलो साखर असून बेसन व मैदा मुबलक आहेत, असे धरावे. लाडवांच्या एका घाण्याला २ किलो तूप व २ किलो साखर लागून ५०० रुपये नफा होत असेल, आणि शंकरपाळ्यांच्या घाण्याला १ किलो तूप व २ किलो साखर लागून ४०० रुपये, तर लाडवांचे ५ व शंकरपाळ्यांचे १० घाणे काढणे सर्वोत्तम ठरते व नफा ६,५०० रुपये होतो. हेच गणित उलट्या बाजूने सोडवले की आणखी एक किलो तूप नफ्यात १०० रुपयांची आणि एक किलो साखर १५० रुपयांची भर घालील, असे निघते. या भरीला छायामूल्य म्हणतात. बेसनावाचून एकही लाडू वळता येत नसला, तरी ते उरत असल्यामुळे त्याचे छायामूल्य शून्य येते. अर्थात हे मूल्य वस्तूचे अंगभूत मोल सांगत नाही, तिच्या तुटवड्याने योजना किती अडते एवढेच सांगते. श्रम हाच मूल्याचा आधार मानणाऱ्या सोव्हिएत अर्थशास्त्राला कान्तोरोविच यांची अशी मूल्ये पचायला जड गेली, ती यामुळेच.

पुरुषार्थविचारात अर्थाला धर्माची चौकट आहे, आणि ती गणितात आणखी एक मर्यादा म्हणून लिहावी, असे सहज वाटते. परंतु तुपात भेसळ करायची नाही, ही मर्यादा म्हणून लिहिली की तिलाही छायामूल्य मिळते, आणि भेसळ थोडी वाढू दिल्यास किती रुपये हाती येतील, याचे उत्तर गणित तितक्याच तत्परतेने देते. सचोटी अशा रीतीने साखरेच्या पंक्तीत बसते. म्हणून धर्माचे स्थान त्याआधीच्या पायरीवर, कोणते पर्याय मुळात विचारातच घ्यायचे नाहीत हे ठरवण्यात, मानावे लागते. भेसळीचा लाडू हा पर्यायच नसेल, तर तो नाकारण्याची किंमत काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

सगळी कर्तव्ये मात्र अशी नसतात. लाडू वळणाऱ्या स्त्रियांना मजुरी किती द्यावी यात कमी-अधिक आहे, आणि तेथे मजुरीच्या प्रत्येक वाढीव रुपयाने नफा किती घटतो हे मांडणे धर्माला उपकारकच आहे, कारण न्याय्य मजुरी परवडत नाही असे म्हणणाऱ्याला मग तो आकडा समोर ठेवूनच बोलावे लागते.